वरच्या खोलीतली डार्क एनर्जी

५ जानेवारी, सकाळी
रिटायर झाल्यावर काय, हा प्रश्न सुटला. डार्क एनर्जी! विश्व फुगतंय, फुगण्याचा वेगही वाढतोय, पण ढकलतंय कोण हे अजून कुणालाच सापडलं नाही. छत्तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही. दुर्बीण आली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तळेगावच्या माझ्या जुन्या शाळेत निकाल. हेडमास्तरांना कळवूनही टाकलं.

७ जानेवारी
दुर्बीण वरच्या खोलीत. तिथे मेहुण्याचा, वडनेरच्या गजेंद्रचा, कापूस छतापर्यंत. भाव चढेस्तोवर राहील म्हणे. बायको, सुलोचना, म्हणाली, दुर्बिणीवर जुनं लुगडं टाकून ठेवा. शास्त्रीय उपकरणावर लुगडं! दुर्लक्ष केलं.

११ जानेवारी
दूरच्या दीर्घिकेत तारा फुटला! नात अपेक्षा बीएस्सीला आहे. तिने फोनवर समजावलं: असे तारे ठरावीक तेजानेच फुटतात, म्हणून जितका मंद दिसेल तितका लांब. तो कसा विझत जाईल याचा तक्ताही पाठवला. आबा, बाजूचा एखादा साधा तारा बी मोजत जाजा, म्हणाली. साध्या ताऱ्यांसाठी वेळ नाही.

२५ जानेवारी
तेजाला दहापैकी मार्क देतो. तक्त्यात सात, माझे साडेपाच. अपेक्षेपेक्षा लांब! अंगाला कापसाची खाज. संशोधनात कष्ट असायचेच.

८ फेब्रुवारी
तक्त्यात पाच, माझे दोन. ढकल वाढतेय. एवढ्या मोठमोठ्या वेधशाळा काय करून राह्यल्या?

२१ फेब्रुवारी
तारा गायब. विश्व हाताबाहेर गेलं. हेडमास्तरांना सांगितलं, पत्रकार बोलवा.

२६ फेब्रुवारी
अपेक्षा आली. तिला चंद्र दाखवला, तोही अंधूक. तिने विचारलं, आबा, चंद्र बी लांब गेला का जी? मग दुर्बिणीच्या काचेवरून बोट फिरवलं. बोटाला कापसाची लव, चांगली वातीपुरती. सुलोचना म्हणाली, मी काऊन म्हनत होती लुगडं टाका म्हनून? तिने पदराने काच पुसली. चंद्र जागेवर आला.
जन्म कापसाच्या घरात गेला आणि हे कळलं नाही. फार लाज वाटली.

२८ फेब्रुवारी
तळेगाव. सुलोचनाही सोबत आली. फळ्यावर मोठ्या अक्षरात: डार्क एनर्जीचं स्वरूप. पत्रकार एक. थाप मारायचा धीर झाला नाही, सगळं खरं सांगून टाकलं. मुलं पोट धरून हसली. छत्तीस वर्षांत माझ्या तासाला कुणी हसलं नव्हतं. नंतर प्रश्न पुष्कळ आले, सगळे सुलोचनाला. हेडमास्तरांनी माझ्यासाठी आणलेली शालही तिलाच पांघरली.
घरी आल्याबरोबर तिने ती दुर्बिणीवर टाकली.