गेजबाहेरची बंगई

राजापेठ, अमरावती
रविवार

ती. महादेवरावदादांना किशोरचा नमस्कार.

(वयाने तुम्ही वडील, नात्याने मी जावई, त्यामुळे कोणी कोणाच्या पाया पडायचं हे आपलं अजून ठरलेलं नाही. तूर्त नमस्कारावर भागवून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? शालूवहिनींचं लोणचं पोचलं. बरणीला तडा गेला तो माझ्यामुळे नाही. आम्ही दोघं खुशाल आहोत. खुशाल हा शब्द तोकडा पडतो, आम्ही जिंकलो आहोत. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. कागदावर तुमचा इलाज चालत नाही.

तर बंगई. सासूबाईंनी तुमच्या बहिणीला, ललिताला, देऊ केलेली ती सागवानी, कोरीव पाठीची, दोन माणसं आणि एक पसरलेली मांजर सहज मावेल अशी, छताच्या कड्यांना टांगून झुलायची बंगई आम्ही तुमच्या अकोल्याच्या ओसरीतून टेम्पोत चढवली, तेव्हा तुम्ही टेम्पोभोवती एक फेरी मारलीत आणि सगळ्या गल्लीसमोर जाहीर केलंत, "जवाईबापू, तिसऱ्या माळ्यावर हे जात नाई. घरात गेली त तुमची, नाई गेली त वापस माही." शिवाय छतातल्या कड्या काढायला आलेल्या मिस्त्रीला परत पाठवलंत, कारण तुमच्या मते सांजेपर्यंत बंगई परत येणारच होती. मी क्लासमध्ये पोरांना भूमिती शिकवतो हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, दादा.  बोरगावला ललिता एवढंच म्हणाली की आई त्या बंगईवर बसून तिची वेणी घालायची, आणि बंगई परत गेली तर ती अकोल्याला पुन्हा पाऊल टाकणार नाही. म्हणजे आता प्रश्न लाकडाचा राहिला नव्हता.

मूर्तिजापूरच्या पुढे धर्मेंद्रने (टेम्पोवाला, शालूवहिनींनी त्याला तीनदा चहा दिला तोच) हायवे सोडला, कारण त्याला वाटेत मावशीकडे तुरीच्या डाळीचं पोतं टाकायचं होतं. त्या आडरस्त्यावर रेल्वेचं फाटक लागलेलं. लागलेलं म्हणजे असं, की लोकांनी गाड्या बंद करून, खाली उतरून, एकमेकांची गावं आणि सोयरीक विचारून झाली होती. ललिता उतरली नाही. ती टेम्पोत, बंगईवरच, छत्री उघडून बसून राहिली.

आणि मग तो आला. आधी इंजिन, मागे रिकाम्या वाघिणी, आणि त्यांच्यामागे इतक्या चाकांची एक लांबलचक गाडी की मोजणाऱ्या दोघांत भांडण लागलं. तिच्या मधोमध घराएवढं राखाडी धूड. चाल अशी की शेजारून चालणारे हेल्मेटवाले रेल्वेचे लोक मधूनमधून थांबून त्याची वाट पाहत होते. कोणी म्हणालं बॉयलर, कोणी म्हणालं तोफ. एका म्हाताऱ्याने ते आपल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचं नवं इंजिन असल्याचं सांगितलं, आणि खोटं कशाला सांगू, घटकाभर आम्ही सगळ्यांनी ते मानलं. निघाला विजेचा ट्रान्सफॉर्मर.

फाटकाच्या केबिनपाशी तो थांबला. केबिनचा पत्रा आडवा येत होता. मला वाटलं, आता धूड तिरपं करतील, दोर लावतील, आरडाओरडा होईल (आपण तुमच्याकडे फ्रिज नेला तेव्हा झाला तसा). तसलं काही नाही. दोघांनी पत्रा उतरवला, ट्रान्सफॉर्मर बोटभर अंतराने निघून गेला, त्यांनी पत्रा परत बसवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मला भरून आलं. हिरवी झेंडी धरलेल्या एकाला मी विचारलं, की वाटेतले पूल कसे ओलांडता? तो म्हणाला, त्याच मापाचा पोकळ सांगाडा आधी सगळ्या वाटेने फिरवून आणतात. जिथे अडेल तिथे माल नाही, वाट बदलतात. मग त्याची नजर आमच्या टेम्पोकडे गेली. बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं, वर छत्रीखाली तुमची बहीण. "ताई," तो म्हणाला, "तुमचाबी माल गेजबाहेरचा दिसते." (ठरल्या मापात न मावणाऱ्या मालाला रेल्वेत असं म्हणतात.) ललिता त्या दिवशी पहिल्यांदा हसली, आणि मला काय करायचं ते तिथेच उमगलं.

राजापेठेत पोचताच मी बांबू आणि सुतळीचा, बंगईच्याच मापाचा सांगाडा बांधला. तो जिन्याने वर नेला. पहिल्या माळ्यावर चपलांच्या रॅकला अडला, रॅक हलवला. दुसऱ्यावर कठड्याला अडला, कठडा सोडवला. तिसऱ्यावर आमच्याच दाराला अडला, तेव्हा मी दार काढलं, मग चौकटही काढली. मग बंगई निघाली. धर्मेंद्र पुढे लाल ओढणी घेऊन, चार हमाल, मागे मी शिट्टी वाजवत. खाली अख्ख्या गल्लीच्या स्कूटी थांबलेल्या, क्लासची पोरं टाळ्या पिटताहेत. दादा, कुठे ओरखडाही उठला नाही. ललिता बंगईवर बसली, हाताने कोरीव पाठ चाचपली, आणि म्हणाली, "आईच्या तेलाचा वास येऊन राहिला." 

तर बंगई घरात गेली. अट सगळ्या गल्लीसमोर होती, म्हणून हे पत्रही गल्लीत मोठ्याने वाचून दाखवावं. आणि त्या मिस्त्रीला बोलावून ओसरीतल्या कड्या आता खुशाल काढून टाका.

तुमचा विजयी,
किशोर

ता. क. बंगई तूर्त विटांवर आहे. इथल्या छताला कड्या नाहीत, आणि घरमालक किसनराव भोक पाडू देणार नाहीत असं ललिताला वाटतं. पाय हलवले की झोक्याचा भास होतो.

ता. क. दुसरा. किसनराव संत्र्याच्या बागेसाठी मोर्शीला गेले होते, ते आजच परतले. त्यांनी कठडा पाहिला, मग चौकट पाहिली, मग जिथे चौकट होती ती जागा बराच वेळ पाहिली. भोकाचा विषय काढायची वेळच आली नाही. महिनाअखेर घर खाली करायला सांगितलं आहे.

ता. क. तिसरा. दुसरं घर मिळेपर्यंत आम्ही दोघं तुमच्याकडे येत आहोत, बंगईसकट. पण बंगई वापस येत नाही, ती आमच्यासोबत पाहुणी येते आहे, हा फरक गल्लीला समजावून सांगावा. धर्मेंद्र सांगाडा घेऊन आदल्या दिवशी येईल. आणि ओसरीतल्या कड्या काढल्या नसतील, तर राहू द्या.