वीतभर फट

अण्णा, आज सकाळपासून वारज्याच्या घरामागे कोंबड्यांच्या खुराड्याची पावसाळी डागडुजी काढली आहे. चारच कोंबड्या, पण तोरा असा की घर त्यांचं आणि आम्ही भाडेकरू. पत्र्याला उतार दिला, तळ विटांवर उचलून घेतला, जाळीच्या बाजूने ताडपत्री बांधली. सूनबाई म्हणाली, "आई, वरची गॅप पण पॅक करून टाका ना, किती गार वारा येतो!" मी म्हटलं, "ती राहू दे." आवाज जरा चढलाच. ती बिचारी आत गेली. मागोमाग मी गेले, तिच्याशी बोलले आणि मग तुम्हाला लिहायला बसले.

खडकीच्या क्वार्टरमागचं तुमचं खुराडं मला अजून खिळ्यान् खिळ्यासकट दिसतं. कारखान्यातून आलात की चहाआधी हातोडी. बंबातली राख चाळून तळाला पसरायची, ओला भुसा रोज काढायचा, हे माझं काम. ताडपत्री बांधताना पत्र्याखाली वीतभर फट तुम्ही हाताने मोजून ठेवायचात. मी विचारते, "अण्णा, त्यांना थंडी नाही वाजत?" तुम्ही मान वर न करता गाठ मारता आहात. "अंगावर पिसं आहेत त्यांच्या. आतला ओलावा, वास बाहेर नको जायला? का तेवढ्यासाठी पंखा बसवू?" आई दारात उभी राहून हसते आहे.

मग तो श्रावण. आत्या आजारी म्हणून तुम्ही आठ दिवस गावी गेलात आणि कोंबड्या माझ्यावर सोपवल्यात. पाऊस उघडायचं नाव घेईना. तुमची लाडकी ठिपक्यांची कोंबडी अंग फुगवून कोपऱ्यात बसलेली. माझा जीव कळवळला. मी गोणपाटं आणली आणि ती फट गच्च बुजवली. वर शहाणपणा असा, की दार उघडलं तर गारठा शिरेल म्हणून भुसाही बदलला नाही. दोन-तीन दिवसांत आत डोकावलं की उग्र वासाने डोळे चुरचुरायला लागले. कोंबड्या घरघरू लागल्या, तरी मला वाटलं, थंडीच बाधली. तुम्ही यायच्या दिवशी सकाळी ठिपक्यांची मरून पडली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाबरून मी गोणपाटं काढली आणि बंबामागे दडवली.

तुम्ही तिला उचललंत, मग कितीतरी वेळ पत्रा चाचपत राहिलात. "उतार चुकला माझा. पाणी झिरपलं असणार," म्हणालात. मला एका शब्दाने बोलला नाहीत. उरलेल्या कोंबड्या शेजाऱ्यांना दिल्यात, खुराडं मोडलंत. रिटायर झाल्यावर वेळ जाता जात नव्हता, तेव्हा आई म्हणायची, "अहो, पाळा की पुन्हा." तर म्हणायचात, "मुक्या जिवांवर माझी कारागिरी नको." मी तिथेच वाटाणे सोलत बसलेली असायची. शब्द ओठांवर यायचे, मी पुढची शेंग उचलायची. तुम्ही गेलात तोवर मीही केस पिकलेली बाई झाले होते, म्हणजे लहान होते हे निमित्तही उरलं नव्हतं.

सूनबाईला मघाशी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि आजोबांना?" म्हणून हा कागद. कुठे जायचा नाही तो, घडी करून भुशाच्या डब्यात ठेवीन.

अण्णा, उतार बरोबर होता. फट मी बुजवली होती.