चादरीमागची पेटी

दि. ९ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुम्हाला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असणारच, कारण काही बिघडलं असतं तर तुम्ही पत्राची वाट न बघता फोनवर मला झापलं असतंत. गुडघ्याचा व्यायाम चालू आहे की नाही ते मी भाऊजींना विचारीन, तुम्हाला नाही.

दुकान छान चाललंय. डोळे तपासायचं नवं यंत्र आलं. त्यावर हनुवटी टेकवायला सांगितली की निम्मे लोक फोटो काढतेय असं समजून हसतात. लेक नव्या नोकरीत रुळली. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी, जिच्यावरून तुम्ही दर वेळी मला बोलायचात, ती अखेर दुरुस्त झाली.

पण मुद्दाम लिहायला बसले ते पेटीबद्दल. तुमच्या भावाच्या पेटीबद्दल.

ह्यांनी ती आणली आणि तुम्हाला फोनवर गाण्याची पेटी घेतली म्हणून सांगितलं, तेव्हा हार्मोनियम समजून तुम्ही विचारलं होतंत, हा वाजवायला कधी शिकला? तेव्हापासून आमच्याकडे तिला स्ट्रीमर असं कुणी म्हटलंच नाही. इंटरनेटवरून गाणं घ्यायचं आणि ॲम्प्लिफायरच्या हवाली करायचं, एवढंच तिचं काम. पण हे तिला रोज मऊ फडक्यानं पुसायचे. आधीच्या स्वस्त स्ट्रीमरवर, म्हणजे त्या जुन्या डब्यावर, एक गाणं लावायचे, मग तेच पेटीवर लावायचे, मला हाताला धरून खुर्चीत बसवायचे आणि म्हणायचे, आता ऐक. मी ऐकायची आणि म्हणायची, हो, फरक आहे. मग स्वारी दिवसभर खूश.

हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नव्हते, वन्सं. मला फरक खरोखर ऐकू यायचा.

हे गेल्यावरही त्यांची रविवारची ऐकणारी मंडळी घरी येत राहिली. मीच त्यांना सांगितलं होतं, येणं बंद करू नका. दातांचे डॉक्टर तुम्हाला आठवत असतील, बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघतात ते. गेल्या वर्षी मंडळीत आणखी एका गृहस्थांची भर पडली. आयुष्यभर रेडिओ केंद्रावर इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना मीच बोलावलं. ते दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आले होते. तपासताना मी भिंगं बदलत विचारते, पहिलं बरं की दुसरं? लोकांना वाटतं, ही परीक्षा आहे आणि उत्तर यायलाच हवं. कधीकधी मी भिंग बदलल्यासारखं करते आणि तेच ठेवते, तरी माणूस म्हणतो, हां, आता कसं स्वच्छ दिसतंय. हे गृहस्थ मात्र थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दोन्ही सारखीच आहेत." इतक्या वर्षांत असं बोलणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलंय.

तर झालं असं. डॉक्टरांनी आपल्या पेटीच्याही वरची, अगदी डोळे फिरावेत अशा किमतीची पेटी घेतली आणि येऊन तिचे गोडवे गायला लागले. गाणारा समोर येऊन बसतो म्हणे. इंजिनिअर शांतपणे म्हणाले की स्पीकर बदलला, खोली बदलली तर आवाज नक्की बदलेल, पण पेटी धड काम करत असेल तर साधी काय नि महागडी काय, कानाला कळणार नाही. डॉक्टर लालेलाल झाले. ह्यांच्या घरात बसून ह्यांच्याच पेटीचा अपमान चाललाय, असंही म्हणाले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, भांडता कशाला? ऐकून बघा. परीक्षा मी घेते, माझा रोजचा धंदाच तो आहे.

फडताळासमोर दोरी बांधून पलंगावरची चादर टाकली. मागे आपली पेटी, डॉक्टरांची पेटी आणि तो जुना डबा. एकच गाणं, एकच ॲम्प्लिफायर, तेच स्पीकर. मी चादरीमागे उभी राहून बदलत होते आणि विचारत होते, पहिलं बरं की दुसरं? अधूनमधून काहीच न बदलता नुसतं बटण दाबल्याचा आवाज करत होते. तसं केलं तेव्हा डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "बघा, आता गळा कसा मोकळा झाला." मी चादरीमागे ओठ चावून उभी. शेवटी हिशोब लागला तेव्हा एकालाही धड ओळखता आलं नव्हतं. डॉक्टरांनी तर बऱ्याच वेळा जुन्या डब्यालाच स्वतःची नवी पेटी ठरवलं होतं.

मग डॉक्टर म्हणाले, आता वहिनींना बसवा. इंजिनिअर चादरीमागे गेले, मी ह्यांच्या खुर्चीत बसले. आपली पेटी की जुना डबा, एवढंच ओळखायचं होतं. आणि वन्सं, मी दर वेळी ओळखलं. एकदाही चुकले नाही. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, माझे डोळे भरून आले होते. वाटलं, बघा, माझं माणूस काही उगाच म्हणत नव्हतं.

इंजिनिअरांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी ते आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. आपली पेटी त्या डब्यापेक्षा किंचित मोठ्यानं वाजत होती. इतकं किंचित, की मोठं आहे असं कळू नये, फक्त जास्त भरलेलं, जास्त जवळचं वाटावं. त्यांनी दोन्हींचा आवाज सारखा केला आणि मला पुन्हा बसवलं. मी ऐकत राहिले. खूप ऐकलं. मग मी तेच म्हणाले, जे दुकानात ते मला म्हणाले होते. दोन्ही सारखीच आहेत.

मंडळी गेली. इंजिनिअर चादर घडी करायला थांबले. मला राग आला होता, पण त्यांचा नाही. वाटत होतं, की एवढी वर्षं आम्ही दोघं मिळून एका गैरसमजाचे लाड केले. त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्ही चुकीचं ऐकत नव्हतात. फरक होता. फक्त तो किमतीचा नव्हता."

माझ्याजागी दुसरं कुणी असतं, तरी त्यांनी "मी म्हटलं नव्हतं का" असं ऐकवलं नसतं. ते तसे नाहीतच.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात पत्र लिहिण्यासारखं काय आहे, आणि ही बाई सारखं इंजिनिअर इंजिनिअर काय करतेय. तुम्हाला तो संशय खिडकीच्या कडीपाशीच आला असेल. मला पाना धरता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्यांनी लग्न केलं नाही. आईचं आजारपण काढण्यात वर्षं गेली. आई गेल्यापासून एकटे आहेत. सकाळी आम्ही फिरायला जातो. ते कमी बोलतात, आणि मी किती बोलते ते तुम्ही जाणता, तेव्हा जमतं. विचारलं मीच. दुकानाचं शटर ओढायला ते मदत करत होते, तेव्हा म्हटलं, आमच्याकडे राहायला याल का? ते म्हणाले, भाडेकरू म्हणून? मी म्हटलं, नवरा म्हणून. शटर अर्ध्यावरच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वन्सं काय म्हणतील?" लेकीचं नाही, शेजाऱ्यांचं नाही, पहिलं तुमचंच विचारलं. मी तुमच्याबद्दल किती बोलत असेन ते ह्यावरून ओळखा.

लेकीला सांगितलंय. ती म्हणाली, आई, आत्याला फोनवर सांगू नकोस, ती मध्येच तोडेल आणि तू गप्प बसशील. म्हणून हे पत्र.

मी परवानगी मागत नाही. निर्णय झालाय, आणि तो योग्य आहे ह्याबद्दल मला शंका नाही. तुमच्या भावावर माझं जे होतं ते कुठंही गेलेलं नाही. पण ह्या घरात मी एकटीनं खुर्चीत बसून ऐकत राहावं, असं त्यांनाही वाटलं नसतं, मला तर मुळीच वाटत नाही. मार्चच्या शेवटी नोंदणी करतोय. तुम्ही यावं असं फार वाटतं. पेटीवर तुमचा हक्क आहे. हवी असेल तर व्यवस्थित बांधून पाठवते.

रागावलात तरी, आणि उत्तर आलं नाही तरी, तुमचीच

भावजय

---

दि. २१ फेब्रुवारी

चि. सौ. लिहायचं की काय लिहायचं ते कळेना, म्हणून नुसतंच

चिरंजीव,

पत्र पोचलं. आधी राग आला. तो लग्नाचा नव्हता. धाकट्याची पेटी आणि जुना डबा सारखाच, हे तू मला का सांगितलंस, ह्याचा होता. आणल्यावर, पेटी ठेवू की परत करू म्हणून त्यानं मला विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, ठेव रे, तुझ्या कानांचं कौतुक मला लहानपणापासून आहे. हे तुला माहीत नव्हतं. असो.

मग दुसऱ्या गोष्टीचं रडू आलं. ते किती वेळ चाललं हे लिहीत नाही. तुझे भाऊजी दाराशी उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, पोरीनं सगळं सांगितलंय तरी, लपवलं असतं तर काय केलं असतंस? मी त्यांना म्हटलं, तुम्ही मध्ये बोलू नका. पण मग पत्र पुन्हा वाचलं.

धाकटा आजारी होता तेव्हा तू दुकान आणि दवाखाना कसा सांभाळलास ते मी पाहिलंय. त्याला उशी देताना तुझ्या तोंडावर एकदाही कंटाळा दिसला नाही. बहीण असून मला कधीकधी यायचा. तेव्हा आता कुणी तुझ्याविषयी वेडंवाकडं बोललं तर त्याला माझ्याकडे पाठव.

पेटी मला नको. आमच्याकडे ह्यांना बातम्यांपुरता आवाज पुरतो. ती आहे तिथंच राहू दे आणि चालू ठेव. त्या गृहस्थांची अडचण होत असेल तर मला कळव, मी बोलते त्यांच्याशी. नसेल होत, तर माणूस बरा आहे असं मी समजेन.

आम्ही येतो. गुडघा बरा आहे, व्यायाम करत नाही. नोंदणीला साक्षीदार लागतात असं भाऊजी म्हणाले. तुझे आईवडील नाहीत, भाऊ कधी नव्हताच. तेव्हा तुझ्या बाजूनं सही मी करणार. नणंद म्हणून मी तिथं उभी राहणार नाही, ते मला जमायचं नाही. पण तुझ्या पाठीशी कुणी नाही असं त्या गृहस्थांना वाटू देणार नाही.

तुझ्या माहेरची,

ताई