बायांच्या खोलीची निरवानिरव

मी, पिएदाद लॉरेन्स लुद्रिक, धंदा पूर्वी कोळंबी सोलणे, आता काही नाही, राहणार तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. फुप्फुसे नाहीत, पण कायदा फुप्फुसांबद्दल विचारत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि मागचे माड मुलगा ॲल्स्टन याला. तो परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात आहे. जहाज एका देशाचे, झेंडा दुसऱ्याचा, भरती मुंबईच्या एजंटाची. "तुझो मालक कोण रे?" असे विचारले की हसतो. मला हसू येत नाही.

२. सोन्याची साखळी एलिनाला. जन्मभर माझ्या शेजारी बसून, बर्फात हात घालून तिने कोळंबी सोलली. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील. ॲल्स्टनने मध्ये पडू नये.

३. आमच्या कोळंबीच्या शेडच्या ऑफिसातल्या स्वप्नाला माझे रबरी हातमोजे. परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी आली की ते आम्हाला वाटायचे आणि साहेबांची गाडी वळली की परत घ्यायचे. एक जोड मी दिलाच नाही. साहेबांनी "कामगारांचा प्रतिनिधी कोण?" असे विचारले तेव्हा कंपनीने स्वप्नाला पुढे केले. तिचा फोटो अजून भिंतीवर आहे. तिने कोळंबीला कधी हात लावलेला नाही, मोजे तिच्याकडे नवेच राहतील.

४. आता खोली. शेडच्या गेटाला लागून, माझ्या जमिनीत, आमच्या युनियनची खोली आहे. शेड जुन्या मालकाची, भाईंची होती तेव्हा आम्ही बायांनी ती बांधली. कागद करायचे कोणाच्या मनातही आले नाही. जमीन पिएदादची, म्हणजे आपलीच, असे सगळ्या धरून चालल्या. भाई खडूस माणूस, तोंडाने घाण. पण दारात ठाण मांडले की त्यांना बाहेर यावेच लागे, आणि आमच्या पदरात काहीतरी पडे.

भाईंनी शेड विकली. नवा मालक कुठल्या देशात असतो ते आम्हाला कोणी सांगितले नाही. बाया आता कुडाळच्या ठेकेदाराच्या. त्या ठेकेदाराचेही नाव दर वर्षी बदलते, म्हणजे कोणाचीच नोकरी जुनी होत नाही. आज काम आहे की नाही ते सकाळी मोबाइलवर कळते. सरकारी ऑफिसात गेलो तर म्हणाले, "आधी तुमचा मालक कोण ते ठरवा." आम्ही कोणाच्या दारात बसणार? पुढे युनियनची नोंदणीही गेली.

वकील म्हणतात, नसलेल्या युनियनला खोली देता येत नाही. म्हणून मी ती दीपिकाच्या नावे लिहिणार होते. दीपिका आज त्याच शेडमध्ये सोलते. तिची आई जानकी आमच्या युनियनची. मसुदा ऐकून पोर रडायला लागली. "आंटी, माझा नाव घालू नकात. ठेकेदाराक कळला तर माका बोलावणा येवचा नाय."

मी तिच्यावर ओरडले. मग माझेच मला वाईट वाटले. खोलीपुढचे तिचे नाव खोडले आहे.

त्या खोलीत ठेकेदाराचे ऑफिस करायचा कंपनीचा विचार आहे, असे ऐकते. तेवढे होता कामा नये. मी गेल्यावर वर्षभरात शेडमधल्या कोणाही बाईने स्वतःच्या नावावर खोली मागितली, तर जमिनीसकट तिला द्यावी. कोणीच आली नाही, तर खोली पाडावी. मोकळी जमीन ॲल्स्टनची. त्याने विकली तरी माझी हरकत नाही.

पाडताना चिरे फोडू नयेत, सुटे करावेत. ट्रक पाणंदीत शिरेना म्हणून हे चिरे बायांनी कामावरून सुटल्यावर डोक्यावरून आणले होते. कोणी कुठली भिंत वाहिली ते एलिनाला पाठ आहे. जिचे चिरे तिच्या घरी पोचवावेत. जानकी वारली, तिचे दीपिकाच्या अंगणात ठेवावेत. चिऱ्यावर नाव नसते. तिला कोणी काही विचारणार नाही.

हे सारे मला वाचून दाखवले, ते माझेच आहे. साक्षीला शेडमधल्या कोणालाही बोलावलेले नाही. मी या दोघांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर.

(सही) पिएदाद लॉरेन्स लुद्रिक

साक्षीदार:
१. (सही) मेल्रॉय डांटस, निवृत्त शिक्षक
२. (सही) धनेश केळुसकर, शेजारी

मालवण, दि. ७ फेब्रुवारी २०२५