नववी ब चा बडग्या

शुक्रवार, १५ ऑगस्ट

संपलं. आता मी या शाळेत तोंड उघडणार नाही. हजेरीलासुद्धा नाही!

तीन आठवडे पाठ केलेलं भाषण. बाबांनी गोडाऊनमधून अर्ध्या दिवसाची सुटी काढली, गाड्या खाली करायच्या होत्या तरी. पंचफुला आजी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. पाऊस भुरभुर पडत होता. मी माइक हातात घेतला, 'आदरणीय व्यासपीठ' झालं, दोन परिच्छेद झाले. तिसऱ्यात जिथं आवाज चढवायचा तिथं बरोब्बर चढवला — अन् मार्तंड सर ताडताड आले आणि माझ्या हातातून माइक हिसकावला! "पुरे, पुरे. चल, उतर खाली." चारशे पोरांसमोर!

मार्तंड सर म्हणजे आमचे सुपरवायझर. तेहतीस वर्षं याच शाळेत. मिशी, किल्ल्यांचा जुडगा आणि "नखं दाखव". बस, एवढाच माणूस.

त्यानंतर माइक बंदच करून टाकला. अ वर्गाच्या अदितीनं देशभक्तिगीत घसा फाडून म्हटलं, मागच्यांना फक्त तिचा जबडा दिसला. तेवढंच बरं वाटलं.

घरी आल्यावर आजी म्हणाली, "काहून रडून राहिली वं? दोन परिच्छेद तं झाले ना. तुह्या आज्यानं जन्मात माइक नाही धरला." बाबांनी जिलेबीचा पुडा माझ्यापुढे सरकवला अन् परत कामावर गेले. त्याचंच जास्त रडू आलं.

मी हे विसरणार नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

हजेरीला 'हजर' म्हणावं लागलं. नाइलाज.

पण बातमी!!! दिवाळीच्या सुटीत सहल — कोकण! समुद्र! आजवर शाळेची सहल रामटेकच्या पुढे गेली नव्हती. पंचेचाळीस जागा, आणि माझं नाव एकतिसावं. पालकसभेत कळल्यावर बाबांनी मागच्याच महिन्यात पैसे भरून ठेवले होते, मला सांगितलंसुद्धा नव्हतं. वाडीत आमच्या खोलीसमोरून देशभरचे ट्रक जातात, कोचीचे, विशाखापट्टणमचे. सगळ्या गावांना समुद्र आहे. आम्हाला फुटाळा तलाव. मी समुद्र पाहिला नाही, बाबांनी नाही, आजीनं तर नाहीच. आजी म्हणते, "खारट पाणी राहते म्हणते त्याचं. प्याले होत नाही, मंग पाहाचं कायले?"

रेल्वेचं रिझर्वेशन साठ दिवस आधी, म्हणजे २६ तारखेला. त्या दिवशी यादी पक्की. यादी कोणाच्या हातात? मार्तंड सरांच्या. म्हणजे २६ पर्यंत मी गाय. गरीब गाय.

मंगळवार, १९ ऑगस्ट

मौद्याकडच्या एका गावात शाळेचं छप्पर उडालं, पुस्तकं सगळी भिजली. त्यांच्यासाठी आपण मदत गोळा करायची, असं लतिका मॅडम म्हणाल्या. मॅडम आमच्या नव्या मुख्याध्यापिका, जूनमध्ये पुण्याहून आल्या. ऋषी म्हणाला, बडग्या काढू अन् डबा फिरवू. मॅडम म्हणाल्या, "बडग्या म्हणजे?"

अख्खा वर्ग गार! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे राक्षसिणीचा भला मोठा पुतळा, तिच्यासोबत बडगे निघतात. जे जे वाईट, त्याचा पुतळा करायचा, नावं ठेवत गल्लीगल्लीतून फिरवायचा आणि शेवटी जाळायचा, म्हणजे पीडा गावाबाहेर. हे एखाद्याला सांगावं लागेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. "अच्छा, म्हणजे जनजागृती," मॅडम म्हणाल्या. हो म्हटलं.

विषय — प्लास्टिक. पुतळ्याची प्रमुख — मी! (ऋषी चेहरा रंगवणार. बाकीचे पेंढा भरणार.)

गुरुवार, २१ ऑगस्ट

बडग्या तयार. माणसाएवढा. गळ्यात रिकाम्या बाटल्यांची माळ, हातात पिशव्या. कपडे नव्हते, तर देवरावकाकांकडून मिळाले. ते आमच्या शाळेचे शिपाई. स्टाफरूमच्या कपाटातून त्यांनी एक जुना तपकिरी सफारी काढून दिला. बरोब्बर बसला.

मिशी मी लावली, झाडूच्या काड्यांची. राक्षस म्हटला की मिशी पाहिजेच. डावीकडे काड्या कमी पडल्या म्हणून ती बाजू जरा आखूड झाली. असो. कोण बघतंय!

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. पुरणपोळ्या चार. आजी म्हणते पाच.

शनिवार, २३ ऑगस्ट

रात्रीचे अकरा वाजले. तरी लिहिते.

सुटीच्या दिवशी सकाळी सगळे शाळेत. बडग्या हातगाडीवर. निघालो, गोडाऊनच्या गल्लीत शिरलो, घोषणा जोरात — "प्लास्टिकची पीडा घेऊन जाऽ रे बडग्या!" डब्यात पाच-दहा रुपये पडत होते. सगळं छान. तेवढ्यात एका ट्रकवरून आवाज आला —

"अबे! हे तं मार्तंड सर होय!"

रुपरावभाऊ, बाबांच्या गोडाऊनचे मुकादम. आमच्याच शाळेचे. उडी मारून खाली आले, हातगाडीभोवती फिरले. "तोच सफारी! गॅदरिंगले हाच घालत होते. अन् मिशी पाय, डावीकडून आखूड! अगा, या रे सारे!"

मी बघितलं. मायबाई! सरच होते. प्लास्टिकच्या माळा घातलेले सर.

मग जे झालं ते काही आमच्या हातात नव्हतं. गोडाऊनमधून, पानठेल्यावरून, चहाच्या टपरीवरून माणसं धावत आली. अर्धी वाडी आमच्या शाळेत शिकलेली! ऋषीच्या डोक्यात तर दुकानच उघडलं — "एक फटका दहा रुपये! भिजलेल्या पुस्तकांसाठी! दान करा, हात साफ करून घ्या!" रांग लागली. खरीखुरी रांग, रेशनच्या दुकानासारखी. विश्वनाथकाका म्हणून एक बँकेतले आहेत, टक्कल पडलेले, त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, पन्नासची नोट टाकली आणि मोजून पाच फटके दिले. "अठ्ठ्याण्णव साली माझा भोवरा जप्त केला. अजून नाही देल्ला!" शेजारच्या कांताबाई भाजीची पिशवी खाली ठेवून आल्या, छत्रीनं मारलं, वर म्हणाल्या, "सुटे नाहीत, आणखी एक मारतो." डबा भरला, मग दुसरा डबा, मग ऋषीची टोपी.

आणि किल्ल्यांचा आवाज आला.

पोट्टे असे बाजूला झाले की रस्ता तयार! सर. छत्री नाही, काही नाही. विश्वनाथकाकांनी हातातली काठी पाठीमागे लपवली. चाळिशी ओलांडलेला माणूस!

सर बडग्याभोवती एक चक्कर फिरले. बाही धरून बघितली. मिशीला बोट लावलं. मी मनातल्या मनात समुद्राला नमस्कार करून टाकला.

"नाक नाही जमलं," सर म्हणाले.

मग ते ऋषीकडे वळले.

"किती जमले?"

ऋषीनं टोपी दाखवली.

"मंग थांबले काहून? पाठीमागचे दहा जण राहिलेच ना. लाइन सरळ करा."

पण आता कोणाचा हात उठेना. रुपरावभाऊ तर सरांच्या पाया पडले. शेवटी सर म्हणाले, "बडग्या वापस नेत नसते. जाळा लागते." आणि माचिस स्वतःच काढली. सफारी टेरिकॉटचा, ओला, नुसता धूर. आधी मिशी जळाली. सरांनी रुमालानं डोळे पुसले. धुरानं असेल.

नेमक्या तेव्हाच ऑटोतून लतिका मॅडम उतरल्या. मार्तंड सर मार्तंड सरांना जाळताहेत, असं त्यांनी बघितलं. "हा शिक्षकांचा अपमान आहे! सोमवारी! नववी ब! माझ्या केबिनमध्ये!" एवढंच बोलता आलं त्यांना.

रविवार, २४ ऑगस्ट

ऋषीचा फोन आला. बडग्याचा व्हिडिओ मौद्यापर्यंत पोचला म्हणे. त्याच्या मावशीनं विचारलं, मिशी कोणी लावली गा, लय भारी.

हे मुद्दाम नव्हतं. काड्या खरंच कमी पडल्या होत्या.

आज जेवले नाही. आजी म्हणाली, "पोटात काय अडकलं वं?"

सोमवार, २५ ऑगस्ट

केबिनमध्ये आम्ही सगळे भिंतीला चिकटून. सर खिडकीजवळ. देवरावकाका दाराशी.

मॅडमनी आधी काकांना घेतलं. "सफारी कोणाला विचारून दिलात?" काका खाली बघत म्हणाले, "चुकलं मॅडम. जुना समजून देल्ला." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पुढे काही बोलले नाहीत. मॅडम म्हणाल्या, मेमो मिळेल. काकांचं रिटायरमेंट मार्चमध्ये आहे.

मग आमच्याकडे. "ज्यानं हे केलं त्यानं पुढे यावं. नाहीतर नववी ब मधलं एकही मूल सहलीला जाणार नाही."

ऋषी पांढरा पडला. चेहरा त्यानं रंगवला होता ना! त्या भैताडाला चेहरा काढताच येत नाही, त्यानं नुसते दोन डोळे अन् एक बटाटा काढला होता. सगळा घोटाळा मिशीचा. मी पुढे गेले. म्हटलं, "मिशी मी लावली. पण मुद्दाम नाही, मॅडम. काड्या कमी पडल्या."

मॅडमनी यादी ओढली, लाल पेन घेतलं, एकतीस नंबरवर रेघ. टर्र असा आवाज आला. समुद्र गेला.

"मॅडम," सर म्हणाले. "एक मिनिट."

आणि मग सर जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "पंधरा तारखेले मी या पोरीच्या हातातून माइक ओढला. पाऊस लागून माइकमध्ये करंट उतरून राहिला होता. मी ऑपरेटरच्या वायरीले हात लावला तं मलेच झटका बसला. सांगितलं असतं तं चारशे पोरं पळाली असती, चेंगराचेंगरी झाली असती. म्हणून काही नाही बोललो. मंग रोज वाटे, तिच्या बापाले जाऊन सांगावं. नाही गेलो. ते माझं चुकलं."

सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिच्या मनात खोट असती तं हे अशी समोर आली नसती. तेहतीस वर्षं पोरं पाहून राहिलो. खोटं बोलणारं पोट्टं पायाचा अंगठा घासते. हिचे पाय पाहा — जागचे हलले नाही. मिशी तं साऱ्याच बडग्यांले राहते."

सर टेबलाशी आले, मॅडमचं पेन घेतलं आणि रेघेच्या वर स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिलं — मेघा. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. पण देवरावांचा मेमो राहील. वस्तू शाळेच्या कपाटातली होती."

बाहेर आल्यावर ऋषीनं मला उचललंच! वर्गानं टाळ्या वाजवल्या. सगळे समुद्र-समुद्र ओरडत होते. अदितीसुद्धा हसली. मौद्याच्या शाळेला नव्या पुस्तकांचे तीन गठ्ठे जाणार.

सोमवारच, जेवणानंतर

मी बूट घातले होते. बुटाच्या आत अंगठा घासत होते.

देवरावकाकांनी मला तीन जुने शर्ट दाखवले होते. मीच म्हटलं, तो सफारी द्या. काका म्हणाले, "तो मार्तंड सरांचा होय वं." मी म्हटलं, सरांनीच सांगितलं. मिशीच्या काड्या कमी नव्हत्या, अख्खा झाडू होता. डावी बाजू मी कात्रीनं कापली, मागच्या वर्षीचा गॅदरिंगचा फोटो समोर ठेवून. गुरुवारी तसं लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.

बाबांना आत्ताच सगळं सांगितलं. करंटचंही. ते बराच वेळ माझे हात उलटेसुलटे करून बघत राहिले.

उद्या शाळा सातला भरते. रिझर्वेशनची खिडकी आठला उघडते. मी सातला सरांना सांगणार. नाव कापायला त्यांच्याकडे एक तास आहे.