पाय धरायला कोणी

१२ जाने., सोम.
एमआरआय झाला नाही. तोंडावर पिंजरा बसवला, फळी आत सरकली, छत नाकाला लागतंय असं वाटलं. हातातला रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं. उभं आयुष्य धारणीच्या एसटीत कंडक्टरकी केली, माणसं कोंबली, ‘पुढं सरका’ म्हणून ओरडलो. आता स्वतःला सरकता येईना.
मशीनवरची मुलगी म्हणाली, “काका, कोणी सोबत आणा. पाय धरून उभं राहिलं की बरं वाटते.”
ही असती तर... जाऊ दे.

१३ जाने.
डॉ. म्हणतात, डोक्यातली गाठ वाढली का ते दिसल्याशिवाय ऑपरेशनचं बोलता येत नाही. झोपेचं इंजेक्शन दम्यामुळे नको.
मुलाला बंगळुरूला फोन. मीटिंगमध्ये होता. “सगळं ठीक” म्हणून ठेवला.
शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेलो. माझा पाय धरायला येता का, असं कुणाला कसं विचारायचं? वाटीभर साखर मागून परत आलो. डबा भरलेला होता.

१६ जाने.
अकोल्याहून बाईचा फोन. मोठी बहीण, माझ्या आवाजावरून तिनं ओळखलंच. सांगावं लागलं. सोमवारी पुन्हा एमआरआय, कोणतं सेंटर, किती वाजता, सगळं विचारून घेतलं.
“मी मेली का रे? येतो मी सोमवारी.”
“बाई, तू मोठी. तू माझे पाय धरायचे?”
लहानपणी माझा पाय चुकून तिला लागला तरी आई नमस्कार करायला लावायची. अजून भाऊबीजेला तिच्या पाया पडतो. नकोच म्हणालो. रागानं फोन ठेवला तिनं.
नंतर घर फार मोठं वाटलं.

१९ जाने., सोम.
एकटाच गेलो. डोळे गच्च मिटले. पिंजरा बसला, आत सरकलो, बोटं फुग्यावर. तेवढ्यात कुणीतरी घोटा धरला. खरखरीत हात. मी पाय ओढून घेतला. पुन्हा धरला.
“हालू नको, गाढवा.”
पहिल्या बसनं आली होती. पाटल्या, कानातलं, सगळं उतरवून. मशीन खडखडत राहिलं. मी आत रडलो. पुसताही येईना.
बाहेर आल्यावर पाया पडलो. “झाली फिट्टंफाट,” म्हणाली.
रिपोर्ट गुरुवारी. गाठ वाढली असेल तर? भीती वाटतेच. बाई तोवर राहणार आहे. तिला चहा गोड लागतो. संध्याकाळी शेजारी साखर मागायला गेलो. या वेळी खरंच संपली होती.