चार नवे मणी

६ ऑक्टोबर, सोमवार

माझ्याच हातून झालं. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागाच नाही. सासूबाईंच्या गादीवरची चादर झटकली आणि उशीखालची त्यांची जपमाळ उडून भिंतीवर आपटली. तार तुटली, मणी खोलीभर! काचेचे मणी — चार फुटले.

त्या खुर्चीत बसून नुसता आवाज ऐकत होत्या. एक डोळा कायमचा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी. "माळ होती का गं ती?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हटलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उरलेले सगळे मणी शोधले. कपाटाखाली पालथी पडून.

७ ऑक्टोबर, मंगळवार

माळ माझ्या घड्याळांच्या दुकानात नेली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईला तारेच्या कड्या वळवणं काय अवघड! भिंग लावलं, चिमटा घेतला, गिऱ्हाइकांची तीन घड्याळं बाजूला सरकवली. चार निळे मणी जुळवून आणले होते. संध्याकाळी काम झालं तेव्हा नवे कुठले नि जुने कुठले, मलाही सांगता येईना.

सासूबाईंनी बोटं फिरवली. सावकाश. "हे चार माझे नाहीत."

मग म्हणाल्या, "फादरांकडे जाऊन आशीर्वाद घेऊन ये माळेवर. त्याशिवाय मी ऑपरेशनला जायची नाही."

मी! पाळकाची मुलगी! अठरा वर्षं आम्ही नवराबायको रविवारी एकाच दारातून निघतो आणि कोपऱ्यावरून दोन चर्चना जातो. तो कॅथलिक, मी प्रोटेस्टंट; तो त्याच्या, मी माझ्या. कुणी कुणाला ओढायचं नाही, हे लग्नाआधी ठरलंय. मणी, मूर्ती, पवित्र पाणी — यात मी पडत नाही. आताही पडणार नाही. नाही म्हणजे नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

नवऱ्याचा तोडगा: "करून आणली म्हणून सांग. आईला काय कळतंय? आणि तुझ्या मते तर फरकच पडत नाही ना?"

पडत नाहीच. मण्याला फरक पडत नाही. पण न दिसणाऱ्या बाईला मी खोटं सांगितलं तर मला पडतो! तसं तोंडावर म्हटलं.

"मग जा."

"जाणार नाही."

"मग करणार काय?"

पिशवी उचलून निघाले. दुकानात एकच स्प्रिंग तीनदा निसटली.

दुपारी दवाखान्यातून फोन. सोमवार चुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. डोळा तेवढा थांबेल का विचारलं. "तारीख चुकवू नका," एवढंच तिकडची बाई म्हणाली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ठरवलं. जाणार. पण लपून नाही — आधी बाबांना सांगून.

बाबा पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बोलायला लागले की अजून उपदेशच.

"काचेला कसला आशीर्वाद? आशीर्वाद माणसाला असतो."

"बायबलात प्रेषितांचे रुमाल आजाऱ्यांवर ठेवत होते की, बाबा."

"बरं रुमालानं नाही केलं. देवानं केलं."

"सासूबाईही हेच म्हणतील."

"मग माळ कशाला हवी?"

मी पॉलिशची डबी पुढे सरकवली. बाबा ब्रश खाली ठेवून म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, वस्तूवर भिस्त ठेवू नका. आणि माझीच मुलगी आशीर्वाद मागायला जाणार?"

"मागायला नाही जात. पोचवायला जातेय."

निघताना त्यांनी वर बघितलं नाही. लागलं मला. थोडे वाळलेही वाटले. पण जेवता का विचारलं तर "तुझं तू बघ."

तरी जाणार!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गेले.

फादर बाह्या वर करून तुंबलेल्या बेसिनशी झटत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. माळ माझ्यामुळे तुटली, चार मणी नवे, आणि माझा यावर विश्वास नाही — हेही.

त्यांनी हात पुसले, माळ उजेडात धरली. "काम सुरेख झालंय. चार मणी बदलल्यानं पहिला आशीर्वाद जात नाही. खरं तर गरज नाही."

"मग त्यांना तसं सांगू?"

"सांगा. पण त्या घाबरल्यात. घाबरलेल्या माणसाला नियम ऐकवायचा, की प्रार्थना करायची?"

मी म्हटलं, "माळेत शक्ती येते का हो यानं?"

"काचेत काय येणार? ही प्रार्थनेसाठी वेगळी काढली, एवढंच आपण म्हणतो. आणि जिच्या हातात जाईल तिच्यासाठी मागतो."

"आणि नाही केलं तर?"

"देवाचं काही अडत नाही. अडतं आपलं." हसले. "थांबता, की बाहेर उभ्या राहता?"

थांबले. डोळे उघडे ठेवून. पाणी शिंपडलं तेव्हा अंग आखडलं माझं. पण प्रार्थनेत माळेचं नाव एकदाच आलं. बाकी सगळं सासूबाईंबद्दल.

माझं मत बदललेलं नाही. हे लिहून ठेवते. पण मी मनात ज्याच्याशी इतकी वर्षं भांडत होते ते हे नव्हतं, तेही लिहून ठेवते.

घरी येऊन सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. गरज नव्हती, हेसुद्धा. म्हणाल्या, "तू गेलीस ना? झालं."

१३ ऑक्टोबर, सोमवार

नर्स म्हणाली, आत काही न्यायचं नाही. अंगठी, बांगडी, माळ — काही नाही! मी भांडायला पदर खोचूनच उभी. एवढं करून आता हे?

सासूबाईंनी माळ काढून माझ्या हातात ठेवली. "राहू दे गं. दहा बोटं आहेत माझी. त्यांच्यावर मोजीन."

पाऊण तास बाहेर बाकावर. मी माझ्या पद्धतीनं प्रार्थना केली. माळ पर्समध्ये मात्र टाकली नाही. हातातच होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पट्टी निघाली. डॉक्टरांनी समोर बोटं धरली. "तीन," सासूबाई म्हणाल्या. तीनच होती!!

मग माझ्याकडे बघून, "केस किती पिकले तुझे!" मग माळेकडे. "आणि हे काय, चार मणी चांगलेच गडद लागलेत."

दवाखान्यातच हसत सुटलो तिघं — त्या, मी नि नवरा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांचा फोन. पोटात गाठ आहे, साधी नाही. तीन आठवड्यांपासून माहीत होतं त्यांना. परवा दाखल होतायत.

कुठला दवाखाना ते मी कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना सांग, रोज प्रार्थनेत माझं नाव घ्या म्हणावं."

फोन ठेवता ठेवता — "त्यांच्या पद्धतीनं."